‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’: झोप झाली तरी असं का वाटतं?

कळवा स्टेशनवर पहाटेची लोकल पकडणाऱ्यांची झोप अपुरी असते, पण त्या सगळ्यांना निद्रानाश नसतो. त्यांना झोपायला वेळच मिळत नाही. निद्रानाशात वेळ असतो, अंथरूण असतं, झोप मात्र येत नाही किंवा टिकत नाही. आठवड्यातून किमान 3 रात्री असं होत असेल, ते 3 महिने चाललं आणि दिवसाही त्रास जाणवू लागला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात.

यातल्या काही रुग्णांची झोप पॉलिसोम्नोग्राफीने, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजली की वेगळंच चित्र दिसतं. माणूस सांगतो, ‘जेमतेम दोन तास झोपलो.’ नोंदीत झोप जवळपास पुरेशी असते. याला विरोधाभासी निद्रानाश म्हणतात.

मग तो खोटं बोलतो का? नाही. हलक्या झोपेतून उठवल्यावर चांगली झोप येणारी माणसंही अनेकदा ‘मी जागाच होतो’ म्हणतात. शिवाय जाग आलेले क्षण लक्षात राहतात, मधली झोप राहत नाही. त्यामुळे घरच्यांचं ‘अरे, घोरत तर होतास!’ हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही.

इथे स्वभावाचाही संबंध येतो. न्यूरोटिसिझम, म्हणजे चटकन काळजी करण्याचा आणि गोष्टी मनाला लावून घेण्याचा कल, जास्त असलेल्यांमध्ये निद्रानाश अधिक आढळतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन हार्वी यांनी 2002 मध्ये यातलं चक्र मांडलं: काळजीने शरीर सावध होतं, लक्ष घड्याळाकडे जातं, आणि झोप आहे त्याहून कमी वाटू लागते. काळजी आणखी वाढते. स्मार्टवॉचचा ‘स्लीप स्कोअर’ पाहून धास्तावणं हा याचाच नवा अवतार. संशोधकांनी 2017 मध्ये त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव दिलं.

म्हणून केवळ गोळी पुरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत सुचवली. त्यात अंथरुणात जागं पडून राहण्याचा वेळ कमी केला जातो आणि झोपेबद्दलच्या समजुती तपासल्या जातात. झोपेत श्वास अडकत असेल तर मात्र स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी आधी हवी.

कळवेकरांसाठी महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन 14416 मोफत आहे आणि रात्रीही सुरू असते.