गाडी चालवताना व्हेपिंग : कायदा काय सांगतो?

गाडी चालवताना ई-सिगारेट ओढणे, म्हणजेच व्हेपिंग करणे, असा वेगळा गुन्हा भारताच्या मोटार वाहन कायद्यात नमूद नाही. त्यामुळे स्वतःच्या गाडीत, काचा वर करून व्हेप ओढला तर काही होत नाही, असा अनेकांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. भारतात अशा चालकाला दोन वेगवेगळे कायदे लागू होऊ शकतात. एक ई-सिगारेटवरील बंदीचा आणि दुसरा धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचा.

ई-सिगारेट म्हणजे काय?

ई-सिगारेटमध्ये बॅटरीवर तापणारी एक तार असते. तिच्या उष्णतेने द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. या द्रवात बहुधा निकोटिन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वादासाठीची रसायने असतात. येथे तंबाखू जळत नाही, म्हणून धुराऐवजी वाफ निघते. पेनासारखी दिसणारी उपकरणे, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता फक्त तापवणारी साधने हे सगळे प्रकार भारतीय कायद्याच्या व्याख्येत येतात. निकोटिन नसलेले व्हेपही त्यातून सुटत नाहीत.

२०१९ चा बंदी कायदा

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांना या कायद्याने मनाई आहे.

उत्पादन, वाहतूक, विक्री अशा गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

चालकाच्या दृष्टीने यातील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, या कायद्यातील 'जागा' या शब्दात घर, खोली यांच्याबरोबर वाहनही येते. आपल्या ताब्यातील जागेत ई-सिगारेटचा साठा होऊ देणे हा गुन्हा आहे. दुसरी म्हणजे, उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी संशयाला कारण असेल तर झडती घेऊन माल जप्त करू शकतो.

फक्त ओढणे हा गुन्हा आहे का?

कायद्याच्या मनाई केलेल्या गोष्टींच्या यादीत 'वापर' हा शब्द नाही. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षाही लिहिलेली नाही. पण याचा अर्थ वापरणारा मोकळा आहे असा होत नाही. ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. नाकाबंदीत गाडीच्या कप्प्यात व्हेप सापडला, तर 'हा विकायला नाही, माझ्यापुरताच आहे' एवढे सांगून विषय संपेलच असे नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८४

कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात सिग्नल तोडणे, उलट्या दिशेने गाडी नेणे, हातात मोबाइल धरून बोलणे अशा कृती स्पष्टपणे लिहिल्या आहेत. व्हेप हे संपर्काचे साधन नसल्यामुळे मोबाइलसाठीची तरतूद त्याला लागू होत नाही. पण त्याच कलमात एक व्यापक तरतूद आहे. सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्या खूपच खाली उतरणारे आणि उघडपणे धोकादायक असे वाहन चालवणे हाही गुन्हा आहे.

म्हणजे केवळ हातात व्हेप आहे म्हणून हे कलम आपोआप लागत नाही. व्हेप ओढण्याच्या नादात गाडी लेन सोडून गेली, वाफेमुळे समोरचे दिसेनासे झाले किंवा खाली पडलेले उपकरण शोधताना स्टिअरिंग सुटले, तर ते लागू शकते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

हा धोका किरकोळ नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर हटली, तरी जवळपास ४४ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. अशा निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

व्हेपमध्ये गांजाचा अर्क असेल तर?

मग प्रकरण अधिक गंभीर होते. अंमली पदार्थविरोधी कायदा लागू होतो आणि त्यात वाहनही जप्त होऊ शकते. शिवाय नशेत गाडी चालवण्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे. ते दारूपुरते मर्यादित नाही. अंमली पदार्थामुळे वाहनावर नीट नियंत्रण ठेवता येत नसेल तरी ते लागते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ब्रिटनमध्ये काय नियम आहे?

शिक्षण, नोकरी किंवा पर्यटनासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी माणसांना तेथे व्हेपची दुकाने उघडपणे चालताना दिसतात. तेथे प्रौढांना व्हेप विकत घेता येतो आणि गाडी चालवताना तो ओढण्यावर सरसकट बंदी नाही. मात्र चालकांसाठीच्या 'हायवे कोड'च्या नियम १४८ मध्ये लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत खाणे, पिणे आणि धूम्रपान यांचा उल्लेख आहे. व्हेपिंगमुळे गाडीवरचे नियंत्रण सुटल्याचे पोलिसांना दिसले, तर निष्काळजीपणे वाहन चालवल्याबद्दल जागेवरच १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण लागू शकतात. प्रकरण न्यायालयात गेले, तर दंडगुण नऊपर्यंत जातात.

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपान करण्यास १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदी आहे. तो नियम सिगारेटसाठी करण्यात आला होता, ई-सिगारेट त्यातून वगळली होती.

परतताना घ्यायची काळजी

ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे विकत घेतलेला व्हेप भारतात आणला की तो बंदी असलेली वस्तू ठरतो, कारण आयातीवरही मनाई आहे. तेथील बिल दाखवून सुटका होत नाही. विमानतळावरून घरी जाताना तो गाडीत असेल, तर साठवण आणि वाहतुकीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. मित्राची किंवा भाड्याची गाडी चालवतानाही हे लक्षात ठेवावे लागते. गाडीत काय आहे, याचे उत्तर पोलीस आधी ती चालवणाऱ्यालाच विचारतात.