सनदेतला मुलूख आणि नद्यांची वाट

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने 1668 साली मुंबई बेट दरसाल दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, हे मराठी वाचकास शाळेपासून ठाऊक असते. परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 मे 1670 रोजी, त्याच राजाने आपला आतेभाऊ राजपुत्र रूपर्ट आणि त्याचे भागीदार यांस उत्तर अमेरिकेतील जो मुलूख सनदेने बहाल केला, त्याची वार्ता आपल्याकडे क्वचितच कोणाच्या कानी असते. हडसन सामुद्रधुनीच्या आत जे समुद्र, सरोवरे व नद्या असतील त्यांच्या काठचा प्रदेश, अशी त्या सनदेची भाषा असल्यामुळे, ज्या भूमीचे पाणी अखेर हडसन उपसागरास मिळते ती सारी या भागीदारांच्या हडसन बे कंपनीची, असा तिचा अर्थ पुढे लावण्यात आला, आणि आजच्या कॅनडाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग, तो कोणी मोजलेला नसताना, एका व्यापारी मंडळाचे वतन होऊन बसला. तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या क्री, असिनिबॉइन आदी लोकांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच. खंड मात्र गमतीचा होता: राजा जेव्हा त्या मुलखात पाऊल ठेवील तेव्हा त्यास दोन एल्क व दोन काळे बीव्हर द्यावेत. चार्ल्स तिकडे कधी फिरकला नाही. एवढा स्वस्त इजारा इतिहासात फार थोड्यांना लाभला असेल.

या साऱ्या खटाटोपाचे मूळ म्हणजे बीव्हर. या प्राण्याच्या राठ केसांखाली जी दाट, मऊ लव असते तिच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असल्याने तिचा उत्कृष्ट नमदा होतो, आणि त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित पुरुषाचे मस्तक या नमद्याच्या टोपीवाचून शोभत नसे. युरोपातला बीव्हर शिकारीने जवळजवळ संपुष्टात आला होता. कॅनडात मात्र निसर्गाने त्याच्यासाठी जणू राखीव कुरणच ठेवले होते: हिमनद्यांनी माती खरवडून नेलेला, नांगराला सर्वथा निरुपयोगी असा प्राचीन खडकाचा विस्तीर्ण पट्टा, त्यात असंख्य तळी व ओहोळ, आणि लव दाट करणारी कडाक्याची थंडी. मूळ रहिवाशांनी अंगावर वापरलेली कातडी तर व्यापाऱ्यांना अधिक प्रिय, कारण वापराने राठ केस आपोआप झडून जात. जुन्या वस्त्राला नव्याहून अधिक मोल यावे, असा हा विलक्षण व्यापार. वखारीतील हिशेबाचे परिमाणही बीव्हरचे उत्तम कातडे हेच असे.

या भांडारास द्वारे दोन होती, आणि कॅनडाचा दीडशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी या दोन द्वारांतील चुरशीचा इतिहास आहे. एक द्वार सेंट लॉरेन्स नदीचे. मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनच्या धावत्या पाण्यापाशी समुद्रगामी जहाज थांबे. तेथून भूर्जाच्या सालीच्या छत्तीस फुटी होड्या ऑटावा नदीने महासरोवरांकडे निघत, आणि जेथे प्रवाह आडवा येई तेथे वल्हेकरी नव्वद नव्वद पौंडांची दोन गाठोडी पाठीवर घेऊन खडकांतून चालत. दुसरे द्वार उत्तरेचे: हडसन उपसागर जहाजाला थेट खंडाच्या अंतर्भागाजवळ आणून सोडतो, परंतु बर्फामुळे वर्षातील थोडाच काळ खुला असतो. कंपनीचे गुमास्ते प्रथम यॉर्क फॅक्टरीसारख्या किनाऱ्यावरच्या वखारींत बसून राहिले, क्री मध्यस्थ नद्यांतून माल खाली आणीत; आत कंबरलँड हाऊस उभारण्याची निकड त्यांना 1774 साली भासली. मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांनी 1779 साली नॉर्थ वेस्ट कंपनी स्थापून धडाडीने पश्चिम गाठली खरी, पण जवळचे बीव्हर संपत जातील तशी त्यांची वाट लांबे, खर्च फुगे, आणि वल्हेकऱ्यांच्या अन्नासाठी मैदानातील गव्याच्या वाळवलेल्या मांसात चरबी मिसळून केलेल्या पेमिकनवर विसंबावे लागे. 1821 साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. नाव हडसन बे कंपनीचे राहिले आणि मालाने उपसागराची वाट धरली. शौर्य मॉन्ट्रियलचे, पण वाहतुकीचा हिशेब उत्तरेच्या बाजूने होता. हॅरल्ड इनिस या अर्थेतिहासकाराने 1930 साली याच व्यापारावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की कॅनडाची सीमा ही स्थूलमानाने या कातड्यांच्या व्यापाराचीच सीमा होय. हे मत अतिव्याप्त आहे, असे आक्षेपक म्हणतात. मला ते नकाशासमोर बसल्यावर पटते.

कातड्यांचा व्यापार माणसाला नद्यांनी आत आत नेई; अटलांटिक किनाऱ्याची गोष्ट निराळी. कॉड मासळी वाळवण्यास खडकाळ काठ पुरेसा, म्हणून न्यूफाउंडलंडची वस्ती समुद्राकडे तोंड करून बसली.

पुढे हडसन बे कंपनीने आपला मुलूख तीन लाख पौंडांस नव्या कॅनडा संघराज्यास विकला आणि सुपीक पट्ट्यातील विसावा हिस्सा स्वतःकडे ठेवला. रयतेस याही वेळी कोणी विचारले नाही. रेड नदीकाठच्या मेती लोकांनी लुई रिएल याच्या नेतृत्वाखाली 1869 साली प्रतिकार केला, त्यातून 1870 साली मॅनिटोबा प्रांत जन्मास आला. मग या नव्या मुलखास पूर्वेशी जोडणारा लोहमार्ग आला. सुपीरिअर सरोवराच्या उत्तरेस तोच वांझ खडक व दलदल आडवी. अमेरिकेतून वळसा घालणे स्वस्त पडले असते, तरी पंतप्रधान मॅकडोनल्ड यांचा हट्ट स्वदेशातूनच नेण्याचा. 1883 साली या मार्गाचे काम चालू असताना सडबरीस तांबे व निकेल यांचे साठे उघडकीस आले, आणि 7 नोव्हेंबर 1885 रोजी क्रेगेलाखी येथे शेवटचा खिळा ठोकला गेला.

मैदानातील गव्हाला मात्र लोहमार्गाइतकीच गरज लवकर पिकणाऱ्या बियाण्याची होती, कारण रेड फाइफ जातीचे पीक कापणीपूर्वीच थंडीने करपून जाण्याचे भय असे. चार्ल्स साँडर्स यांनी सिद्ध केलेल्या मार्क्विस जातीने आठवडाभराची सवलत मिळवून दिली आणि लागवड उत्तरेकडे सरकली. तथापि समुद्रापासूनचे अंतर कोणत्याही बियाण्याने कमी होत नव्हते. 1879 च्या संरक्षक जकातीमुळे नांगर पूर्वेकडील कारखानदाराच्या भावाने घ्यावयाचा, गहू जागतिक बाजाराच्या भावाने विकावयाचा, आणि मधले भाडे रेल्वेला द्यावयाचे, अशी शेतकऱ्याची कोंडी झाली. 1897 साली क्रोज नेस्ट खिंडीतून मार्ग नेण्यास सरकारने रेल्वेला अनुदान दिले, ते धान्याचे भाडे उतरवण्याच्या अटीवर. पुढे ते दर कायद्यात घातले गेले आणि 1980 च्या दशकापर्यंत प्रेअरीच्या राजकारणात त्यांना हात लावण्यास भलेभले मंत्री कचरत.