अनुमस्तिष्क व भावना : शस्त्रक्रियेविना उद्दीपनाचे प्रयोग

अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू. मेंदूच्या वजनात त्याचा वाटा सुमारे १०%, पण चेतापेशींपैकी सुमारे ८०% त्यातच असतात. तोल सांभाळणे व हालचालींत सुसूत्रता आणणे एवढेच त्याचे कार्य दीर्घकाळ मानले गेले. रॉबर्ट हीथ यांनी न्यू ऑर्लीन्स येथे १९७० च्या दशकात मनोरुग्णांच्या अनुमस्तिष्काचे शस्त्रक्रियेने बसवलेल्या विद्युत्अग्रांद्वारे उद्दीपन केले. १९९८ मध्ये जेरेमी श्मामन व जॅनेट शर्मन यांनी अनुमस्तिष्कास इजा झालेल्या २० रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत भावना बोथट होणे व अनुचित वर्तन ही लक्षणे होती.

तंत्र : टीएमएस हे चुंबकीय उद्दीपन अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी शेफील्ड येथे १९८५ मध्ये सिद्ध केले. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातील क्षणिक चुंबकीय स्पंदामुळे आतील चेतापेशींत विद्युत्प्रवाह निर्माण होतो. अनुमस्तिष्क खोल असल्याने दोन शंकूंच्या आकाराचे वेटोळे अनेकदा वापरतात. मध्यभागासाठी, म्हणजे वर्मिससाठी, ते डोक्यामागील हाडाच्या उंचवट्याच्या साधारण १ सेंमी. खाली धरतात. मानेचे स्नायू आखडतात, त्यामुळे खऱ्या व लुटुपुटीच्या उद्दीपनातील फरक व्यक्तीला जाणवू शकतो. शेजारचे दृष्टिक्षेत्रही उद्दीपित होण्याचा संभव असतो. म्हणून तेथे वेगळी तुलना-चाचणी घेणे अगत्याचे आहे. योशिकाझु उगावा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की अनुमस्तिष्कावरील स्पंद मोठ्या मेंदूच्या प्रेरक क्षेत्रावरील स्पंदापूर्वी ५–७ मिलिसेकंद दिल्यास हाताच्या स्नायूचा प्रतिसाद घटतो. हालचालींच्या अभ्यासाला असे थेट माप मिळाले. भावनेला ते नाही. तेथे मनःस्थितीच्या प्रश्नावल्या व चेहऱ्यांची छायाचित्रे यांवरच भिस्त असते. या क्षेत्रातील निष्कर्ष वाचताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

निष्कर्ष : डेनिस श्युटर व जॅक व्हॅन होंक यांच्या २००९ मधील प्रयोगात १२ निरोगी व्यक्ती होत्या. टीएमएसनंतर लगेच मनःस्थिती बदलली नाही. मात्र अप्रिय चित्रे पाहताना भावना आवरण्याचे काम दिल्यावर नकारात्मकता वाढली, आणि तीही केवळ अनुमस्तिष्काच्या उद्दीपनानंतर. रोबेर्ता फेरुची व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मंद विद्युत्प्रवाह वापरला. राग व दुःख दर्शविणाऱ्या चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद सुधारला, आनंदी चेहऱ्यांबाबत फरक पडला नाही. धन व ऋण या दोन्ही ध्रुवांनी एकाच दिशेचा परिणाम दिला; एक ध्रुव उत्तेजक व दुसरा शामक या सरळ समजुतीत तो बसत नाही.

उपचार : छिन्नमनस्कतेत वर्मिसच्या उद्दीपनाच्या छोट्या चाचण्या बॉस्टन व रांची येथे झाल्या आहेत.