सायकलवरून पडण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास : त्यातून आपण काय घ्यायचं?



पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर, विद्यापीठाच्या रस्त्यावर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर गेलात, तर हेल्मेट घातलेले सायकलस्वारांचे गट हल्ली कोल्हापुरात नेहमीच दिसतात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. रक्तदाब, साखर, वजन आणि मन या चौघांनाही सायकल मानवते. पण नियमित सायकल चालवणारा माणूस कधी ना कधी पडतो. म्हणून आज जरा वेगळा विषय घेतो : पडण्याचा इतिहास. प्रत्येक काळात सायकलवरून पडण्याची तऱ्हा वेगळी होती. त्यावर शोधलेले उपाय आजही तुमच्या सायकलमध्ये आणि तुमच्या डोक्यावर आहेत.

उंच चाकावरून तोंडघशी

१८७० च्या दशकात युरोपात पुढचं चाक प्रचंड मोठं आणि मागचं अगदी लहान अशी सायकल लोकप्रिय झाली. पुढचं चाक काही वेळा दीड मीटर उंच असायचं आणि चालवणारा जवळजवळ त्याच्या वरच बसायचा. चाकाखाली दगड आला की चाक थांबायचं आणि माणूस हँडलवरून पुढे डोक्यावर आपटायचा. उतारावर अनुभवी लोक पाय हँडलच्या पुढे टाकून बसत, म्हणजे पडलो तर निदान पायावर पडू!

यावर पहिला खरा उपाय डॉक्टरांनी नाही, तर कारागिरांनी काढला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी आणि बसायची जागा खाली. तिचं नावच 'सेफ्टी' सायकल पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची धाव बनवली. चाक दगडावरून उसळण्याऐवजी दगडावरून जाऊ लागलं. आज तुमचा पाय जमिनीला टेकतो, ती सोय याच काळातली आहे.

बेळगावचं सायकलचं दुकान

आपल्या भागाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. किर्लोस्कर उद्योगाचं आरंभवर्ष १८८८ मानलं जातं आणि त्याची सुरुवात झाली बेळगावात, सायकलींपासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचेही. पुढे १९१० मध्ये सांगली भागात किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर आणि पंप आले. पण सुरुवातीला सायकलीबरोबर तोल सांभाळण्याचं शिक्षणही मिळत होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज पन्नास हजारांची सायकल विकली जाते, पण उतारावर ब्रेक कसा लावायचा हे कुणी शिकवत नाही.

त्याच सुमारास, १८९० च्या दशकात, पाश्चात्त्य देशांतले काही डॉक्टर बायकांना घाबरवत होते. सायकल चालवून चेहरा कायमचा ताणलेला, थकलेला होतो म्हणे. त्याला त्यांनी 'बायसिकल फेस' असं नावही दिलं होतं. हा आजार कधीच नव्हता. म्हणून सांगतो, हा लेख वाचून सायकल सोडू नका.

हात टेकण्याची सवय

पडताना माणूस हात पुढे करतो. ही प्रतिक्रिया आपोआप येते आणि ती डोकं वाचवते, पण किंमत मनगट मोजतं. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये मनगटाजवळच्या अस्थिभंगाचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. त्यांनी फक्त हाताचा आकार पाहून आणि चाचपून ते ओळखलं.

आज एक्स-रे सहज मिळतो, तरी एक हाड आपल्याला फसवतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड मोडलं, तरी पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. अंगठा ताणल्यावर मनगटाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून सोडून देऊ नका. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखतं.

खांद्यावर पडलात तर कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड मोडतं. सायकलस्वारांमध्ये ही दुखापत फार आढळते.

लहान मुलांचं वेगळं आहे. भाड्याच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आपल्यापैकी अनेकजण शिकले. तेव्हा आणि आताही, पडताना हँडलचं टोक पोटात घुसणं धोक्याचं असतं. वरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला मार लागलेला असू शकतो. मूल पोट धरून बसलं, उलट्या करू लागलं किंवा पांढरं पडलं, तर लगेच रुग्णालय गाठा.

हेल्मेट उशिरा आलं

मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स समोरच्या दोन सायकलवरच्या मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडले. सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी हा प्रश्न धरून ठेवला आणि १९४१ मध्ये मोटरसायकलस्वारांना हेल्मेटचा कसा उपयोग होतो, यावर लेख प्रसिद्ध केला.

सायकलवाल्यांनी मात्र फार काळ ऐकलं नाही. १९९१ मध्ये व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटची सक्ती करायचा प्रयत्न झाला, तेव्हा खेळाडूंनीच विरोध केला. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचे आंद्रेई किव्हिलेव्ह हेल्मेटशिवाय पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सक्ती आली.

२०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली गेली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपला जातो आणि धक्का शोषतो. तो एकदाच चेपतो. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं, तरी बदलायचं.

हेल्मेट जिथे अपुरं पडतं

युरोपीय मानकानुसार सायकलच्या हेल्मेटची चाचणी साधारण ताशी २० किलोमीटरच्या धडकेला होते. त्याहून मोठ्या धडकेत त्याच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर सायकल चालवताना इंटेलच्या भारतीय शाखेचे माजी प्रमुख अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत गेले. आजचा सर्वांत मोठा धोका सायकलमध्ये नाही, रस्त्यावर आहे.

आपल्याकडे तो आणखी ठळक आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात उभ्या किंवा चालत्या असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. पन्हाळ्यावरून उतरताना आपण सुमारे ४०० मीटर खाली येतो. वेग २० वरून ४० झाला की आपटण्याची ऊर्जा आणि थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. वळणाच्या आधी वेग कमी करा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा हवाच.

पडल्यावर काय कराल?

• लगेच उठून सायकल तपासू नका. आधी स्वतःला तपासा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर हलू नका.
• खरचटलेलं भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, कॉफी, माती काही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा.
• डोकं आपटल्यावर माणूस काही वेळ अगदी ठीक बोलतो आणि नंतर बेशुद्ध होतो, असं घडू शकतं. कवटीच्या आत रक्त साठत असतं. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बडबड, झटके किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसला, तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या. पहिले चोवीस तास सोबत कुणीतरी हवं.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागलेला मार साधा वाटला तरी दाखवा.
• १०८ ला फोन करा. दुसऱ्या जखमीला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

उंच चाक खाली आलं, धावेत हवा आली, डोक्यावर हेल्मेट आलं. यातली प्रत्येक सुधारणा कुणीतरी पडल्यावर, आणि बऱ्याचदा कुणी गेल्यावर झाली. पुढची सुधारणा आपल्या रस्त्यांवर व्हायची आहे : दिवे, कडेची मोकळी जागा आणि ट्रॉलीमागचा लाल पट्टा. तुमच्या गावातल्या कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे ती मागणी तुम्हीच करू शकता. तोवर सायकल चालवत राहा, आणि जपून चालवा.