ट्रायकोफायटन इंडोटिनेई

माणसाच्या त्वचेतील केराटिनवर जगणारी आणि नायटा (गजकर्ण) निर्माण करणारी बुरशीची एक जाती. भारतीय उपखंडात साधारण २०१५ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात येऊ लागलेल्या, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या नायट्याच्या साथीचे ती प्रमुख कारण आहे. स्वतंत्र जाती म्हणून तिचे वर्णन २०२० मध्ये रुई कानो आणि सहकाऱ्यांनी केले. त्यासाठीचे नमुने जपानमध्ये आढळलेल्या नेपाळी व भारतीय रुग्णांचे होते. साथ येऊन बरीच वर्षे लोटल्यावर कारक जातीला नाव मिळाले, आणि तेही सूक्ष्मदर्शकामुळे नव्हे, डीएनएच्या क्रमामुळे.

या संसर्गात कंबर, जांघा, नितंब आणि कित्येकदा चेहऱ्यावरही तांबूस, खाजरे चट्टे उठतात. मध्यभाग निवळतो, कड पसरत जाते. कधी एका वर्तुळात दुसरे वर्तुळ उमटते. टॉवेल, चादरी, कपडे आणि प्रत्यक्ष स्पर्श यांतून तो घरभर फिरतो. तो जिवावर बेतत नाही. झोप मात्र उडवतो आणि लाजेमुळे लपवला जातो. कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत त्याचा समावेश नाही. त्यामुळे या साथीचे चित्र सरकारी नोंदींतून नव्हे, तर रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग आणि मोजक्या संशोधन प्रयोगशाळा यांच्या कामातून उभे राहिले.

ओळखीची जुनी पद्धत अशी : चट्ट्याच्या कडेची खरवड काचपट्टीवर घेऊन तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू दिसू लागतात. बुरशी आहे एवढे यातून कळते. कोणती, ते कळत नाही. त्यासाठी ती साबुरो माध्यमावर वाढवावी लागते. रेमाँ साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माध्यमावर वाढ व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मग वसाहतीचा रंग, पोत आणि बीजाणूंचा आकार पाहून निदान होते. भारतात पूर्वी वरचढ असलेल्या ट्रायकोफायटन रुब्रमसाठी ही पद्धत बऱ्यापैकी पुरते. ट्रा. मेंटाग्रोफायटिस, ट्रा. इंटरडिजिटेल आणि ट्रा. इंडोटिनेई या तिघींपुढे मात्र ती हतबल ठरते, कारण त्या दिसायला जवळपास सारख्याच असतात. भारतीय साथीवरील सुरुवातीच्या शोधनिबंधांत एकाच बुरशीला कुठे मेंटाग्रोफायटिस, तर कुठे इंटरडिजिटेल म्हटलेले आढळते ते यामुळेच. जुनी आकडेवारी वाचताना हा घोळ ध्यानात ठेवावा लागतो.

तो सुटला रायबोसोमी डीएनएमधील आयटीएस या भागामुळे. रायबोसोमच्या जनुकांमधला हा पट्टा जातीजातींत बदलतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे क्रम बहुतेक बुरशींत टिकून असतात. त्यामुळे डीएनएच्या त्या भागाच्या प्रती काढायला वापरल्या जाणाऱ्या प्रायमरची एकच जोडी नाना बुरशींना लागू पडते. असे प्रायमर १९९० पासून वापरात आहेत आणि २०१२ मध्ये आयटीएसला बुरशींचा सर्वसाधारण ‘बारकोड’ म्हणून मान्यता मिळाली. मेंटाग्रोफायटिस-इंटरडिजिटेल गटाचे आयटीएसनुसार अनेक जनुकप्रकार पाडलेले आहेत. जर्मनीतील पीटर नेनॉफ, वडोदऱ्याचे श्याम वर्मा आणि सहकाऱ्यांनी अनेक भारतीय शहरांतील रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा बहुसंख्य नमुने आठव्या जनुकप्रकाराचे निघाले. आजची ट्रा. इंडोटिनेई ती हीच. मोजक्या न्यूक्लिओटाइडांच्या फरकावर नवी जाती उभी करावी का, हा वाद वर्गीकरणतज्ज्ञांत आहे. रुग्णाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही. उपचार करणाऱ्याला मात्र वेगळे नाव सोयीचे पडते, कारण त्या नावाबरोबर औषध-प्रतिरोधाची शक्यताही सूचित होते.

आयटीएस बुरशी कोणती ते सांगतो. औषध चालेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरे जनुक वाचावे लागते. टर्बिनाफिन हे नायट्यावरचे नेहमीचे औषध स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला अडवून बुरशीच्या पेशीपटलासाठी लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती तोडते. या विकराच्या ३९७ व्या स्थानी फेनिलॲलनीनऐवजी ल्युसीन आले, किंवा ३९३ व्या स्थानच्या ल्युसीनची जागा फेनिलॲलनीन वा सेरीनने घेतली, की औषध नीट बसत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील आणि चंडीगडच्या पीजीआयमधील संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय नमुन्यांतील असे बदल प्रसिद्ध केले. काही वाणांत सीवायपी५१बी या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि त्यांच्यावर ॲझोल गटातील औषधेही कमी चालतात.

संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर २०१९ मध्ये दिसले, की भारतीय नमुने एकमेकांशी विलक्षण मिळतेजुळते आहेत. म्हणजे साथ एकाच वंशावळीची आहे, पण तिच्यात प्रतिरोधाची उत्परिवर्तने मात्र वेगवेगळी आहेत. या सारखेपणाची दुसरी बाजूही आहे : कोणाचा संसर्ग कोणाकडून आला, हे केवळ जनुकसंचावरून सांगणे अवघड होते.

साथ इतकी का फोफावली, याच्या उत्तरात स्टिरॉइडमिश्रित मलमांचे नाव सर्वांत आधी येते. क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जीवाणुनाशक एकाच नळीत भरलेली ही मलमे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळत आली. स्टिरॉइड स्वतः उत्परिवर्तन घडवत नाही. ते खाज दाबते, चट्टा फिका करते आणि त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावते. रुग्णाला बरे वाटते, मलम सुटते आणि अर्धवट मारलेली बुरशी पुन्हा पसरते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या यादीत टाकली, पण दुकानातला व्यवहार त्या मानाने फारसा बदलला नाही.

युरोपातील अनेक देशांत, इराणमध्ये आणि उत्तर अमेरिकेत ही जाती आढळली आहे. उपखंडातला प्रवास वा नातेसंबंध हा बऱ्याच रुग्णांतला समान दुवा असतो. अमेरिकेतील पहिल्या दोन रुग्णांची नोंद मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहरातून झाली. त्यांपैकी एका स्त्रीने अलीकडे परदेश प्रवास केलेला नव्हता; म्हणजे तिथे स्थानिक संसर्ग आधीच सुरू झाला असावा.

प्रथिनांच्या वस्तुमानावरून सूक्ष्मजंतू ओळखणारी माल्डी-टॉफ यंत्रे मोठ्या रुग्णालयांत आली आहेत. पण संदर्भसंचात ही जाती नसेल, तर ही यंत्रे तिला शेजारच्या जातीचे नाव देतात. क्रमनिर्धारणाची सोय थोड्याच ठिकाणी आहे, आणि लहान गावांतल्या दवाखान्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची साधी तपासणीही अनेकदा होत नाही. परिणामी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत जातीचे नाव कधी ठरतच नाही. डॉक्टर परिसरातल्या अनुभवावरून ॲझोल गटातले इट्राकोनॅझोल सुरू करतात आणि पूर्वी काही आठवड्यांत संपणारा उपचार काही महिने चालवतात.