यंत्र वर्गात कसे शिरले

फराळाच्या ताटात कोणी यंत्राची गोष्ट वाढली तर वाचक नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण ही गोष्ट यंत्राची थोडी आणि मास्तरांची फार आहे. माझी हयात महाविद्यालयात शिकवण्यात गेली. तेव्हा नव्या साधनाविषयी प्राध्यापकांच्या मनात जी अढी असते, तिच्याशी माझा जुना परिचय आहे. लोक तिला आळस म्हणतात. मला विचाराल तर ती भीती आहे. भरल्या वर्गात यंत्र अडले आणि पोरांसमोर आपले हसे झाले, तर?

या भीतीवर उतारा शोधणारे दोन गणिताचे प्राध्यापक अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजात होऊन गेले. जॉन केमेनी मूळचे बुडापेस्टचे. तरुणपणी ते आइन्स्टाइनचे साहाय्यक होते. दुसरे थॉमस कर्ट्झ. कॉलेजला स्वतःचा संगणक नव्हता, तेव्हा हे कर्ट्झ भोके पाडलेल्या कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बोस्टन गाठीत आणि एमआयटीच्या यंत्रावर काम करून आणीत. कार्डांत एक चूक निघाली की पुढच्या खेपेपर्यंत हात चोळीत बसायचे! इतका सोस कोणता इतिहासाचा प्राध्यापक करील?

डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हतेच. पण केमेनींचे म्हणणे असे की, उद्या देशाचा कारभार हीच मुले पाहणार. तेव्हा यंत्र त्यांनाही कळले पाहिजे. मग दोघांनी दोन गोष्टी केल्या. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून द्यायचा, म्हणजे टंकयंत्रासारख्या टेलिटाइपवर बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच वाटावे, ही पहिली. बेसिक नावाची सोपी भाषा, ही दुसरी. ‘हॅलो’ म्हणून आत यायचे, ‘गुडबाय’ म्हणून निघायचे. विशीच्या आतबाहेरची पोरे अशी प्रणाली उभारतील, यावर जाणत्यांचा विश्वास बसेना. पण १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता यंत्र चालू झाले, आणि त्यातले बरेचसे काम खरोखरच विद्यार्थ्यांनी केले होते.

आता मुख्य प्रश्न. इतर प्राध्यापक याकडे वळले कसे? फर्मान काढून नव्हे. पहिल्या वर्षाच्या गणितातच बेसिक शिकवले जाई, आणि ती शिकलेली मुले पुढे दुसऱ्या विषयांच्या वर्गांत जाऊन बसत. यंत्राचे दार ग्रंथालयासारखे उघडे होते. पुस्तक काढताना ‘कशाला हवे?’ असे कोणी विचारीत नाही, तसे इथेही विचारायचे नाही. मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. टेलिटाइपवर चूक झाली तर ती आपल्याच कागदावर उमटे आणि काही क्षणांत सुधारता येई. मास्तरला एकांतात चुकण्याची सोय झाली!

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. हेतू थोर होता, आणि पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी त्यासाठी कार्यक्रमही तयार झाले. परंतु तिथे वेळ दूरदर्शनची, पाठ दुसऱ्याचा. वर्गातला प्राध्यापक मात्र प्रेक्षकांतला एक. त्याच्या हाती काही आले नाही. पुढे २०२० साली महामारीने सर्वांनाच एका रात्रीत पडद्यासमोर बसवले. तिथे शिकवायचे होते, पण चुकत चुकत शिकण्याची उसंत नव्हती. म्हणूनच वर्ग पुन्हा भरताच पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकून खडू हाती घेतला. त्यांना हसण्याचे मला धाडस होत नाही.

केमेनी १९७० मध्ये डार्टमथचे अध्यक्ष झाले, तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. ते १९९२ मध्ये गेले, कर्ट्झ २०२४ मध्ये. आज महाविद्यालयांत यंत्रांची खरेदी होते, परिपत्रके निघतात, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सह्याही होतात. खरेदी करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, यंत्राबरोबर प्राध्यापकाला एक रिकामी खोली, थोडा मोकळा वेळ आणि न हसणारा एखादा विद्यार्थी द्या. उरलेले तो स्वतः करील.