ब्लागोव्हेश्चेन्स्क–हेइहे
अमूर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली रशिया व चीनमधील सीमावर्ती शहरे. 1960 नंतर दोन्ही देशांत वितुष्ट आल्याने इथला व्यापार थंडावला. 1980 च्या दशकाअखेरीस तो पुन्हा सुरू झाला आणि लहानशा हेइहेत बाजारपेठा व उंच इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. सोव्हिएट संघ कोसळल्यावर रशियाच्या अमूर प्रांतातून मात्र लोक बाहेर पडू लागले. 1989 मध्ये सुमारे 10.5 लाख असलेली लोकसंख्या 2021 मध्ये 7.7 लाखांवर आली. याच काळात प्रांताची राजधानी ब्लागोव्हेश्चेन्स्क एकंदरीत वाढली. शहराच्या झगमगाटावरून प्रदेशाची प्रकृती जोखणे किती फसवे असते, ते इथे दिसते. हेइहे विभागाची लोकसंख्याही 2010 ते 2020 दरम्यान लक्षणीय घटली. नदीवरील रस्त्याचा पूल वाहतुकीस खुला झाला तो 2022 मध्ये.